तीनदा तोच आकडा

साहेब गेल्याचं मला जुन्या जालन्यात, कापडाच्या दुकानात कळलं. बियाणे कंपनीतला जुना सोबती भेटला. म्हणाला, "अरे, आपले साहेब गेले ना मंगळवारी." मी "बरं" म्हणालो आणि शर्टाचं कापड फाडून घेतलं. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. महिनाभर लिहायचं टाळलं... पण राग उतरेना, म्हणून लिहितोय.

नव्वदच्या दशकात एमआयडीसीतल्या त्या कंपनीत मी त्यांच्या हाताखाली उगवण तपासायचो. शंभर दाणे मोजायचे, ओल्या कागदात गुंडाळून उबेच्या कपाटात ठेवायचे, आणि ठरल्या दिवशी कोंब मोजायचे. एक दाणा इकडचा तिकडं झाला की साहेब खेकसायचे, "हात हाय का फावडं?" प्रत्येक बी तीनदा तपासायचं. तीनदा तोच आकडा आला की स्वारी खूश! लबाडी त्यांनी जन्मात केली नाही, तीच तर पंचाईत. लबाड असते तर चार शिव्या हासडून मोकळा झालो असतो.

एका साली कपाशीचं मागल्या हंगामातलं उरलेलं बी आलं. कागदात तिन्ही वेळा अठ्ठ्याऐंशी. मला मात्र कोंब मरतुकडे वाटले. बदनापूरच्या पुढं आमचं गाव, तिथली काळी माती मी तीन घमेल्यांत आणली, बी पुरलं, पाणी घालून वरची माती, पावसानंतर रानात होते तशी, घट्ट होऊ दिली. एकात निम्मं उगवलं, दुसऱ्यात पाव हिस्सा, तिसऱ्यात बऱ्यापैकी. दाखवायला गेलो तर साहेब सगळ्यांसमोर हसले. "तीन घमेली, तीन आकडे! ही तपासणी हाय का मटका? माझा आकडा बघ, बिलकुल हलत न्हाई." मी म्हणालो, "हलत नाही, बराबर. पण शेतकरी कागदात पेरतो का साहेब?" झालं! ती माती माझ्याच हातानं नाल्यात टाकायला लावली. माझी मोजणी कच्ची होती, कबूल. पण ती शेतातलं विचारत होती. त्यांचा आकडा पक्का होता, आणि तो कपाटात लाडानं वाढलेल्या कोंबाचा होता. एवढी साधी गोष्ट त्या शिकलेल्या डोक्यात कधी शिरली नाही.

त्याच आठवड्यात धाकटा भाऊ दत्ता बी न्यायला आला. "दादा, कसं हाय?" मी म्हणालो, "अठ्ठ्याऐंशी. डोळे झाकून पेर." का म्हणालो? तीनदा तोच आकडा ऐकला की माणूस स्वतःच्या डोळ्यांनाही खोटं पाडतो... रान अर्धंमुर्धं उगवलं, तेही ठिकठिकाणी. दुबार पेरलं, पण हंगाम हातचा गेला. तेव्हापासून दत्ता माझ्याशी बोलत नाही. माझ्या मुलीच्या लग्नात आला, अक्षता टाकल्या आणि न जेवताच निघून गेला.

कापड घेतलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी गावाकडं गेलो. दत्ता अंगणात दोर वळत होता. म्हटलं, "दत्ता, तो साहेब मेला. त्याच्यापायी आपलं सगळं..." आणि घमेल्यांचं, जे इतकी वर्षं त्याच्यापासून लपवलं होतं, तेही सांगून टाकलं. बी पेरायच्या आधीच मला दिसलं होतं, हेही सांगितलं. त्यानं दोर खाली ठेवला.

"साहेब मला काय ठावा, दादा?" तो म्हणाला. "मी तुला विचारल्तं."