किशनभाऊंचं चौकोनी गाव

गाडी रिकामी असो की भरलेली, तिकीट द्यायला किशनभाऊ शेवटच्या सीटपर्यंत स्वतः चालत जायचे. दारापाशी बसून आवाज देणारे कंडक्टर त्यांना आवडत नसत. "माणूस मागं बसला म्हणून काय परका झाला का?" असं म्हणायचे. गंगाखेडहून झरीला मुक्कामी जाणाऱ्या एसटीवर ते कंडक्टर आणि मी ड्रायव्हर, अशी आमची जोडी बरीच वर्षं टिकली. वयानं मोठे म्हणून मी त्यांना भाऊ म्हणे. मी त्यांच्या लेखी नुसता 'डायवर'.

झरीला गाडी लावून जेवणं झाली की ते मोबाइल काढत. त्यात स्वस्तातला एक गेम होता, जुन्या जपानी गेमच्या धाटणीवर हल्लीच कुणीतरी बनवलेला. ठिपक्याठिपक्यांची चौकोनी माणसं, गावोगाव हिंडणारी चौघांची टोळी, वाटेत राक्षस आणि पाळीपाळीनं लढाई. इंग्रजी वाक्यं ते अडखळत वाचत आणि मला मराठीत सांगत. मी टिंगल करायचो. राक्षस तेच, फक्त रंग बदललेला. गाणं एकच, कान किटेपर्यंत. एक डोंगर ओलांडायचा तर तीच झुंज पुन्हापुन्हा. यापेक्षा आपली फेरी बरी, निदान प्रवासी तरी बदलतात, असं मी म्हणे.

त्यांना राग येत नसे. "गरिबाचा गेम हाय, डायवर. पण आपली पाळी येईस्तोवर राक्षस गप उभा ऱ्हातो. बाहेर थांबतं का कोणी?"

गेममधल्या गावात शिरले की तिथंही ते एकूण एक माणसापुढे जाऊन उभे राहत. मिळत काहीच नसे. विहिरीवरची बाई दर वेळी पाऊस लांबला म्हणे, पारावरचा म्हातारा डोंगराकडं जाऊ नका म्हणे. हा कसला नाद, असं मी एकदा विचारलं.

"राक्षस मेल्यावर ही माणसं काय म्हणत्यात, तेवढं ऐकायचंय मला."

पुढे साखरेच्या आजारानं त्यांचे डोळे गेले, मग किडन्या. नोकरी सुटली. गेम शेवटच्या राक्षसापाशी अडला होता. सुटीच्या दिवशी मी त्यांच्या घरी जाऊन तो खेळू लागलो. कुणी वार करायचा, कुणाला दवा द्यायची, हे ते खाटेवरून सांगत. मी चुकलो की गाडीसुद्धा अशीच चालवतोस म्हणत. वहिनी चहा ठेवताना आम्हा दोघांना म्हातारी पोरं म्हणायच्या.

एका दुपारी तो राक्षस पडला. शेवट अगदीच दरिद्री. काळा पडदा, बनवणाऱ्यांची नावं, आणि टोळी परत त्याच गावात. किशनभाऊ मात्र धडपडत उठून बसले.

"आता गावात फीर. काय म्हणायलेत सगळे?"

मी विहिरीवरच्या बाईपुढे गेलो. पाऊस लांबला. म्हाताऱ्यापुढे गेलो. डोंगराकडं जाऊ नका. नवी वाक्यं घालायला बनवणाऱ्याकडे पैसा नसेल, नाहीतर सवड. मला ते वाचवेना. मी म्हणालो, बाई म्हणते, तुमच्यामुळं लेकरं सुखानं झोपली. म्हाताऱ्याच्या तोंडी आशीर्वाद घातला. आणखी दोघा-तिघांच्या तोंडी असंच काहीबाही.

ते मान हलवत ऐकत होते. मग हसले.

"खोटं बोलायलास तू. इतकं गोड बोलायची त्यांची ऐपत न्हाई." आणि उशीला टेकत म्हणाले, "पण सांग. ऱ्हायलेल्यांचं बी सांग."

पकडलो गेलो याची मला लाज वाटली. चार्जिंग संपलं, पुढच्या सुटीला सांगतो, असं म्हणून मी मोबाइल ठेवून दिला. चार्जिंग भरपूर होतं.

पुढच्या सुटीच्या आधीच किशनभाऊ गेले. खोटं त्यांना चालणार होतं. लाज माझी होती, आणि निम्मं गाव सांगायचं राहून गेलं.