गरम कपड्यांचा घाम

"पिशवी नाही मिळायची, बाई. घरून कापड आणा, त्यात बांधून देते," इस्त्रीवाली म्हणाली आणि तिने इस्त्री पुन्हा शर्टावर दाबली.

"समोरचा लाँड्रीवाला न मागता प्लास्टिकची पिशवी देतो," डॉक्टरीणबाई फणकारल्या. "उद्यापासून त्याच्याकडेच टाकते कपडे."

शेजारी कपड्यांवर पाणी शिंपडणाऱ्या इस्त्रीवालीच्या नणंदेचा जीव वरखाली झाला. डॉक्टरांच्या घरचे कपडे म्हणजे टपरीचा निम्मा धंदा. "वहिनी, दे की! एका पिशवीनं काय जग बुडतंय?" ती कुजबुजली.

"जगाचं राहू दे. मागचं गटार तुंबलं की पिशव्या कोण उपसतं? आपणच ना!"

दोनदा गटाराचं पाणी टपरीत शिरलं, तेव्हापासून तिने पिशव्या बंद केल्या त्या केल्याच. आता तिने दारात उडून आलेली एक पिशवी उचलली, गरम शर्ट आत कोंबला, तोंड आवळलं आणि बाईंच्या हातात दिली. बघता बघता पिशवी आतून ओली झाली.

"हा कपड्याचा घाम. दोन दिवसांत कुबट वास सुटतो. डॉक्टरसाहेब तसाच घालणार का?"

बाईंनी आपल्याच कपड्यांच्या घड्यांमधली चादर ओढून फडकन उलगडली. "बांधा हिच्यात."

"अहो, आत्ताच इस्त्री केली होती तिला!"

"मग उद्या पुन्हा करा."

गाठोडं देऊन तिने पुढची पँट पसरली आणि शिवणीला शिवण जुळवून इस्त्री टेकवली.