टणमामाची बिस्किटं आणि आख्ख्या खानदानाचे दात

टणमामाच्या घरी गेलं की पाणी मिळायच्या आधी तोंड उघडावं लागायचं. पिशवी खाली ठेवायची, चपला काढायच्या आणि 'आ' करायचं. मग मामा खिशातून स्टीलचा चमचा काढणार, डाव्या हातानं आपली हनुवटी धरणार आणि चमच्याच्या दांड्यानं एकेक दात ठोकत जाणार. टण. टण. टण. दर ठोक्याला कान जवळ आणणार, डोळे मिटणार. सगळी बत्तिशी पास झाली की हात वर करून म्हणणार, "जाऊ द्या गाडी!" त्यानंतर पाणी, मग चहा, मग बिस्किट. मामा आता नाही, म्हणून हे बिनधास्त लिहायला बसलोय. असता तर लेख वाचायच्या आधी त्यानं माझी अक्कलदाढ ठोकली असती, आणि आवाज बसका आहे म्हणून लेख परत केला असता.

मामा म्हणजे माझ्या आईचा थोरला भाऊ. पूर्णा जंक्शनवर रेल्वेत होता. काम असं, की गाडी फलाटाला लागली की लांब दांड्याची हातोडी घेऊन निघायचं आणि डब्यांच्या चाकांवर ठोके देत शेवटपर्यंत जायचं. चाक धड असेल तर टण वाजतं, तडा असेल तर बद्द. बस्स, एवढंच. पण मामा ते अशा थाटात सांगायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, गाड्या इंजिनावर चालतच नाहीत, मामाच्या कानावर चालतात. एकदा म्हणे त्यानं चाकाचा तडा तर ओळखलाच, वर त्या डब्यात कोणीतरी जांब, म्हणजे पेरू, खातंय आणि तो कच्चा आहे हेही सांगितलं. आम्ही विश्वास ठेवला. पूर्णेच्या माणसाशी रेल्वेवरून वाद घालायचा नसतो.

"जगात दोनच आवाज हायेत," मामा म्हणायचा. "टण आन् बद्द. बाकी सगळा नुसता गोंगाट."

चाकावरून तो दातावर कसा आला, त्याला मी कारणीभूत. चौथीत असताना मामानं गंमत म्हणून माझ्या दाढेवर चमचा मारला आणि त्याचा चेहरा पडला. "सुमे," तो आईला म्हणाला, "ह्या पोराची दाढ पोकळ बोलायलीय." आईनं परभणीला नेऊन दाखवलं, तर दाढ खरंच किडलेली. आता चौथीतल्या पोराची एखादी दाढ किडलेली असणारच, त्याला कशाला रेल्वे पाहिजे? पण मामाची कीर्ती झाली. एका दाढेवर तो पुढची कित्येक वर्षं जगला. शेजारपाजारचे लोक येऊन ओसरीवर तोंडं उघडून बसू लागले. एकानं तर बैल आणला होता. मामानं त्याचेही दात ठोकले, आणि बैलानं मामाला. तेवढा एक पेशंट त्यानं परत घेतला नाही.

दातांइतकाच त्याला दुसरा नाद होता तो बिस्किटांचा. ही बिस्किटं तो स्वतः करायचा. मामीला पिठाजवळ फिरकू द्यायचा नाही. परसात त्यानं तेलाचा मोठा डबा आडवा टाकून भट्टी केली होती. डब्यात तळाला वाळू, वाळूवर ताट, ताटात बिस्किटं, डब्यावर निखारे. पीठ अर्धं गव्हाचं, अर्धं ज्वारीचं, तूप सढळ, आणि साखरेच्या जागी गूळ. गुळाचं शास्त्रही त्याचंच. "साखर कशी, गुपचूप दातात शिरती आन् काम करून जाती. गूळ चिकटून बसतो. चिकटलेला चोर धरता तरी येतो का न्हाई?" बिस्किट भाजलंय की नाही हे तो घड्याळावरून ठरवायचा नाही. डब्याचं तोंड उघडायचं, एका बिस्किटावर चमचा मारायचा. बद्द म्हणजे कच्चं, टण म्हणजे तयार. आणि खोटं कशाला बोलू, त्या काळात ती बिस्किटं अशी खुसखुशीत व्हायची की नुसतं नाव काढलं तरी तुटायची. डबा उघडला की वास स्टेशनपर्यंत जायचा आणि नांदेडची गाडी विनाकारण थांबायची.

फक्त बिस्किट खाल्ल्यावर चूळ भरल्याशिवाय सुटका नव्हती. आम्ही सगळे, म्हणजे लहानथोर मिळून एक बस भरेल एवढं खानदान, परसात रांगेनं उभे राहून खळखळ करायचो. नळ फुटला असं समजून शेजारच्या काकू बादली घेऊन धावत यायच्या. भाऊबीजेला मामा आईच्या ताटात नोटेबरोबर एक दातांचा ब्रश टाकायचा. आई चिडायची. "दादा, लोक बहिणीला साडी घेतात!"

"साडी फाटती, सुमे. दात पुरवायचे असतात."

मामाच्या मुलीचं, रेखाताईचं, लग्न झालं आणि सेलूचे जावईबापू पहिल्या दिवाळीला आले, तेव्हा काय होणार हे आम्हाला ठाऊक होतं, त्यांना नव्हतं. टोपी, उपरणं, सगळा मान झाला. ते बिचारे आहेराचं ताट येईल म्हणून सावरून बसले, तर चमचा आला.

"आ करा," मामा म्हणाला.

"जी?"

"जी न्हाई. आ."

जावईबापू शाळेत मास्तर. आयुष्यभर दुसऱ्यांना तोंड बंद ठेवायला सांगितलेलं. त्यांनी रेखाताईकडं पाहिलं, ताईनं छताकडं पाहिलं. शेवटी त्यांनी 'आ' केलं आणि मामानं जावयाची बत्तिशी वाजवून दाखवली. "एक नंबर मुलगा दिलाय बघ तुला," तो मुलीला म्हणाला. लग्नाला सहा महिने झाल्यावर त्यानं स्थळ पसंत केलं.

पुढं मामा रिटायर झाला आणि साल-दोन सालात बिस्किटांचा स्वभाव बदलायला लागला. आधी ती कुरकुरीत झाली. मग कडक झाली. मग बांधकामाच्या लायकीची झाली. एका कावळ्यानं एक पळवलं, पण वजन झेपेना, म्हणून सोडलं, तर खाली उभ्या स्कुटीचा आरसा गेला. मामीनं लोणच्याच्या बरणीत फोडींवर दाब म्हणून दोन बिस्किटं ठेवली. लोणचं मुरलं, बिस्किटं मुरली नाहीत. "मामा, कडक झालीत," म्हटलं की तो प्रेमानं मान हलवायचा, "हौ, हौ," म्हणायचा आणि ताटात आणखी दोन टाकायचा. मग आम्ही तक्रार करणं सोडलं.

बिस्किटं बिघडली त्याच सुमाराला आमचे दातही बिघडले, असं मामाचं म्हणणं. आधी आईची एक दाढ बद्द निघाली. पुढच्या खेपेला मामीच्या दोन. आणि मग ती दिवाळी आली. मामानं सकाळपासून सगळ्यांना ओसरीवर बसवून ठोकायला घेतलं, आणि ठोकता ठोकता त्याचा चेहरा उतरत गेला. बद्द. बद्द. हाही बद्द. जावईबापूंच्या दातांपाशी तर त्यानं तीनदा चमचा मारला. शेवटी तो मटकन खाली बसला.

"आख्खं खानदान किडलंय!" तो म्हणाला. डोळ्यात खरंच पाणी. "माझ्या घरात. माझ्या नजरेखाली. चला, उठा. परभणी!"

त्याला असं बसलेलं पाहून कोणाची हसायची छाती झाली नाही. आम्ही पॅसेंजर धरून परभणीला निघालो. स्टेशनातून तीन ऑटो केले. दातांच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, नुकताच दवाखाना टाकलेला. एवढी माणसं एकदम आत घुसलेली पाहून त्यांना वाटलं, कुठंतरी जीप उलटली.

"कोणाचा दात आहे?" त्यांनी विचारलं.

"सगळ्यांचे," बाईंच्या ओठांकडं बघत मामा म्हणाला.

त्यांनी एकेकाला खुर्चीत घेतलं, लाइट लावला, आरसा घातला. एक झाला, दोन झाले, पाच झाले. "चांगले आहेत. चांगले आहेत. छान, मावशी. अहो, चांगले आहेत की!" मामाचा विश्वास बसेना. शेवटी जावईबापूंच्या तोंडात त्या जरा थांबल्या. मामा पुढं सरसावला.

"हा किडलेला नाही," बाई म्हणाल्या. "कोपरा तुटलाय. काय खाल्लं होतं?"

जावईबापू आढ्याकडं बघू लागले. रेखाताई भिंतीवरच्या दाढेच्या चित्रात गढून गेली. मामीनं पदर तोंडाला लावला. शेवटी मामानंच पिशवीतून डबा काढला आणि बाईंपुढं धरला. "घ्या. घरची हायेत. गुळाची." बाईंनी एक उचललं, हातात तोललं, दातांशी नेलं, आणि शिकलेल्या बाई त्या, ते अलगद टेबलावर ठेवून दिलं. ठक्कन आवाज झाला. खालच्या मजल्यावरून कोणीतरी "कोण आहे?" म्हणून ओरडलं.

"काका, तुम्हाला हे दात खराब आहेत असं कामून वाटलं?" बाई परभणीच्याच, गावच्या बोलीवर आल्या.

मग मामानं शास्त्र सांगितलं. चाक, हातोडी, टण, बद्द, सगळं. सांगून भागेना, म्हणून मला खुर्चीत ढकललं आणि चमच्यानं दाढ वाजवली. "ऐका! बद्द!"

ती दाढ देवळातल्या घंटेसारखी वाजली होती. बाईंनी ऐकलं, आम्ही सगळ्यांनी ऐकलं, बाहेर बसलेल्या पेशंटनं आत डोकावून पाहिलं.

आणि तेवढ्यात मामाचा फोन वाजला. मामाच्या फोनला इंजिनाच्या शिट्टीचा आवाज होता, आणि तोही असा की वाजला की रस्त्यावरची कुत्री बाजूला व्हायची. शर्टाच्या खिशात शिट्टी कोकलत होती. आम्ही सगळे त्या खिशाकडं बघत होतो. मामा शांतपणे पुढं सांगत होता, "चाक काय आन् दात काय, कान पाहिजे फक्त. माझा कान..."

"काका," बाई त्याच्या समोर वाकून सावकाश, मोठ्यानं म्हणाल्या, "तुमचा फोन वाजतोय."

मामानं खिशाला हात लावला. फोन थरथरत होता. तो बाहेर काढून त्यानं नुसता पाहिला, उचलला नाही. मग एकेकाच्या तोंडाकडं पाहिलं. दात कोणाचे खराब आहेत हे त्याला कळलं, म्हणजे कोणाचेच नाहीत हे कळलं. बाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. परतीच्या गाडीत तो खिडकीला बसून होता. मिरखेल स्टेशन गेल्यावर मामीच्या कानाशी लागून त्यानं विचारलं, "कवापासून?" कानाशी लागून म्हणजे डब्यातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"रिटायर झालात तवापासून," मामी ओरडली.

"मग सांगितलं कामून न्हाईस?"

"रोज सांगत हुते की!"

डबा हसला. मामा हसला नाही. त्यानं भट्टी बंद केली. दात ठोकणंही बंद केलं. पाहुणे आले की तो नुसता "या" म्हणायचा आणि परसात जाऊन बसायचा. त्या भाऊबीजेला ताटात फक्त नोट पडली. आईनं ओवाळून झाल्यावर ताट दोनदा चाचपलं, मग आत जाऊन भांडी उगाच आपटली. आमच्याही जिवाला चैन नव्हतं. तोंड न उघडता घरात शिरलं की आपण भलत्याच घरात आलोय असं वाटायचं. कानाच्या मशीनचा विषय काढला की मामा हातानंच उडवून लावायचा. जन्मभर चाकं ऐकलेल्या माणसाला उसना कान लावून घेणं जड जात असेल.

उन्हाळ्यात मामीचा फोन आला. "तुमच्या मामानं भट्टी पेटवलीय. या." बाकी काही सांगायला ती तयार नव्हती.

आम्ही गेलो. भर उन्हाळ्यात मामा डोक्याला, कानाला मफलर गुंडाळून खुर्चीत बसलेला. मध्ये बिस्किटांचं ताट. मामाला ऐकू येत नाही हे आता जाहीर होतं, त्यामुळं आवाजाची फिकीर कोणी केली नाही.

"पहिलं कोण?" रेखाताई म्हणाली.

"जावयाचा मान," मी म्हटलं. "उरलेले कोपरे तरी कशाला ठेवायचे?"

"मी शाळेला एक नेतो," जावईबापू म्हणाले. "घंटा बडवायला."

"चूप बसा रे," आई म्हणाली. "म्हातारा उन्हात भाजून निघालाय. मुकाट्यानं चघळा. संध्याकाळपर्यंत विरघळंल."

मामा चहा पीत होता. अगदी निवांत. आईनं बिस्किट उचललं, डोळे मिटले आणि चावलं. ते तुटलं. तुटलं कसलं, तोंडात शिरताच पसरलं. तूप, गूळ, ज्वारीचा खमंगपणा, सगळं एकदम. आई ताटाकडं बघतच राहिली.

"अगं बाई! दादानं ही विकत आणली का काय?"

"विकत न्हाई आणली, सुमे," मामा म्हणाला.

जावईबापू उभे राहिले, का ते त्यांनाही माहीत नसावं. मामानं सावकाश मफलर सोडला. कानात बोटाच्या पेराएवढं मशीन. "पंधरा दिस झाले. डब्यातला टण आता येळेवर ऐकू येतो," तो म्हणाला. "बाकीचं बी आलं ऐकायला. घंटा बडवायला का, मास्तर?"

मामानं मशीन कानातून काढलं, खिशात टाकलं आणि पाय पसरले. "हं. बोला आता मोकळ्या मनानं. मी तुमच्या मजेत येत न्हाई."

परभणी जिल्ह्यात एवढी शांतता मी पुन्हा कधी ऐकली नाही. शेवटी आई उठली. तिनं भावाच्या खिशात हात घातला, मशीन काढलं, पदरानं पुसलं आणि त्याच्या कानात नीट बसवलं. मग त्या कानाशी तोंड नेऊन सगळ्या जोरानं ओरडली,

"दादा, अजून एक दे!"

मामा खुर्चीत वीतभर उडाला.

"वरडू नको गं," ताट तिच्याकडं सरकवत तो म्हणाला. "ऐकू येतंय मला."