चंद्रभागामावशीचे धवले आणि गोळी

आम्ही कोपरला राहायला आलो तेव्हा आमची घरमालकीण धवलारीण आहे हे आम्हाला ठाऊक नव्हतं. आगरी-कोळ्यांच्या लग्नात मांडवात बसून प्रत्येक विधीला धवले गाते ती धवलारीण. देवांना बोलवायचं, गावदेवीला बोलवायचं, त्या घरातल्या गेलेल्या माणसांना एकेकाचं नाव घेऊन बोलवायचं, हळद लावायची, सगळं गाण्यातून. चंद्रभागामावशी शाळेत कधी गेली नव्हती. आत्याच्या मागे बसून ऐकत ऐकत तिने हे उचललं, आणि साठी उलटली तरी ते सगळं तिच्या डोक्यातच होतं. दुसरीकडे कुठेच नव्हतं.

खाली ती, तिचा मुलगा केतन आणि सून समीक्षा राहतात. वर आम्ही भाडेकरू. समीक्षा डोंबिवलीत एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने घेते. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी तिने सासूचंही रक्त घेतलं, सहज, काही होत नसताना. रिपोर्ट आला तर वाईट कोलेस्टेरॉल दोनशेच्या वर. समीक्षाला लगेच गोमाजीमामा आठवला. मावशीचा धाकटा भाऊ. पन्नाशीही गाठली नव्हती, खाडीवरून येऊन याच घराच्या ओट्यावर बसला आणि बसल्या जागी गेला. त्यांचे वडीलही तसेच लवकर गेलेले.

डॉक्टर मैथिली तरुण, पण घाई न करणाऱ्या. त्यांनी भावाचं, वडिलांचं सगळं विचारून घेतलं आणि रोज एक गोळी लिहून दिली.

"पन मना दुखत काय नाय," मावशी म्हणाली. "जिना चढतंय, बाजार करतंय. तेलकट पन कमी खातंय."

"खाणं तुमचं चांगलंच आहे, मावशी. पण हे नुसतं खाण्यामुळे झालेलं नाही, रक्तातून आलेलं आहे. दुखायला लागेल तोवर उशीर झालेला असतो."

मावशीने गोळी सुरू केली. केतनला मात्र ते पटलं नाही. त्याला कुणीतरी व्हिडिओ पाठवला होता. त्यातला माणूस सांगत होता की हा सगळा औषध कंपन्यांचा धंदा आहे, मेंदूलाच कोलेस्टेरॉल लागतं आणि या गोळ्यांनी माणूस विसराळू होतो. केतनने तो घरच्या ग्रुपवर टाकला आणि जेवताना विषय निघाला.

"धडधाकट बाईला जन्मभराची गोळी कशाला?" तो म्हणाला. "नंबर दाखवायचा आणि घाबरवायचं."

"मामा पण धडधाकटच होते," समीक्षा म्हणाली.

"मामा तंबाखू खायचे."

"आई नाही खात. तरी नंबर बघ ना."

दोघांचा आवाज वर आमच्यापर्यंत आला. मावशी ताटं उचलत होती. पण विसराळू हा शब्द तिने ऐकला होता.

पुढच्याच महिन्यात ठाण्याला माजिवड्यात लग्न होतं. मावशी पुढे गायची आणि तिची जोडीदारीण रखमाबाई मागून तीच ओळ ओढायची, अशी त्यांची तीस-एक वर्षांची जोडी. देव झाले, गावदेवी झाली, पितरांना बोलवायची वेळ आली आणि मावशीला पुढची ओळ सुचेना. रखमाबाईने क्षणभर वाट पाहिली, मग स्वतःच ओळ उचलली. मांडवात कुणाच्या लक्षातही आलं नाही. नवरीची आई फोटोसाठी पदर सारखा करत होती. मावशी मात्र परत येईपर्यंत रिक्षात ती ओळ आठवत होती.

त्या दिवसापासून तिने गोळी बंद केली. कुणाला सांगितलं नाही. पाकिटातून रोज एक गोळी काढायची आणि भांडी घासताना मोरीत सोडून द्यायची.

तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं तेव्हा आकडा होता तिथेच होता. समीक्षा घरी आली, चहा ठेवला, आणि मावशीसमोर बसली.

"आई, गोळी घेत नाही ना तुम्ही?"

मावशी आधी घेते म्हणाली, मग सगळं सांगितलं. माजिवड्याचं ऐकून समीक्षा रागावली नाही. हे मला तिनेच नंतर सांगितलं. ती म्हणाली, मला वाटलेलं गोळी गिळायचा कंटाळा असेल. गाणं जाईल म्हणून भीती बसलीय हे डोक्यातच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दोघी डॉक्टरांकडे गेल्या. मैथिलीबाईंनी सगळं ऐकून घेतलं. 'असं काही होत नसतं' असं म्हणून उडवून लावलं नाही.

"काही जण अशी तक्रार करतात," त्या म्हणाल्या. "मोठ्या अभ्यासांत गोळीमुळे स्मरणशक्ती जाते असं दिसलेलं नाही. पण तुमच्या बाबतीत मी शपथ घेणार नाही. मला एक सांगा, गोळी बंद केल्यावर कुठे गायलात?"

मावशीने समीक्षाकडे पाहिलं. "आंबिवलीला. मागल्या महिन्यान."

"मग? सगळं आठवलं?"

"नाय. तिथंच अडलं. त्याच जागेला."

हे ती घरात कुणाला बोलली नव्हती. रखमाबाई सोडून कुणाला माहीतही नव्हतं.

"पूर्वी वर्षाला किती लग्नं असायची?"

"मोजनार कोन? एकामागं एक. आता डीजे लावतात. दोन-तीन लग्नांना बोलावतात, ती पन अर्धा तास."

डॉक्टरांनी थायरॉइड आणि बाकीच्या एक-दोन तपासण्या करून घेतल्या. सगळं ठीक निघालं. मग त्या म्हणाल्या, "गाणंच कमी झालंय, म्हणूनही ओळ सुटत असेल. दुसरी गोळी देते, कमी ताकदीची. घ्यायची की नाही ते तुम्ही ठरवा. पण नाही घेतलीत तर मला सांगा. मोरीला सांगून उपयोग नाही."

मावशी हसली.

तिने लगेच ठरवलं नाही. आधी रखमाबाईला बोलावलं. दुपारी जेवणं झाली की दोघी मागच्या पडवीत बसायच्या आणि पहिल्यापासून गायच्या, मांडव नसताना, नवरी नसताना. पहिल्या दिवशी तीन ठिकाणी अडल्या. कुठे रखमाबाईला आठवायचं, कुठे मावशीला. एका ओळीवरून तर दोघींचं भांडण झालं. वर खिडकीत बसून मी ऐकायचे. महिनाभरात पितरांचा भाग दोघींच्या आठवणीतून बांधून झाला आणि मावशीने नवी गोळी सुरू केली. गाणं चालू राहिलं, गोळीही चालू राहिली. आकडा उतरला.

पण गोष्ट इथे संपली नाही. हे रक्तातून येतं म्हणून डॉक्टरांनी केतनलाही तपासायला सांगितलं होतं. तो बरेच दिवस टाळत होता. शेवटी समीक्षाने घरीच त्याचा हात धरून रक्त घेतलं. वय चौतीस, आणि आकडा आईच्या पहिल्या आकड्याच्या जवळपास.

केतनने गोळी लगेच घेतली नाही. त्याने बाहेरचं खाणं सोडलं, सकाळी खाडीच्या बाजूला चालायला जाऊ लागला, वजनही उतरवलं. डॉक्टर म्हणाल्या, चांगलं आहे, करून बघा, काही महिन्यांनी परत तपासू. मावशीने त्याला एका शब्दाने टोकलं नाही. समीक्षा बोलायला लागली की तिलाच म्हणायची, "ऱ्हाऊ दे गो. त्याला बघू दे."

काही महिन्यांनी आकडा थोडा खाली आला होता, पण पुरेसा नाही. त्या संध्याकाळी केतन पडवीत आईजवळ येऊन बसला. रखमाबाई नुकतीच घरी गेली होती.

"आई, तुला काय वाटतं? घेऊ?"

"तुना मी काय सांगू? मना भीती वाटली तवा मी कुनाला इचारलं नाय, ती चूक झाली. तुना भीती वाटते ना? मग जा, डाक्टरनीला इचार. काय काय वाटतं ते समदं इचार. ती चिडत नाय."

"आणि तरी पटलं नाही तर?"

"तर तसं तोंडावर सांग. पन गोमाजी बसला तो ओटा अजून तिथंच हाय. मना रोज दिसतो."

केतन डॉक्टरांकडे गेला. बरोबर प्रश्नही घेऊन गेला, आणि डॉक्टरांशी अर्धा तास वाद घालून आला. दिवाळीपासून तोही गोळी घेतो. कंपन्या पैसे कमावतात हे त्याचं मत अजून तसंच आहे, आणि समीक्षाही आता त्यावर वाद घालत नाही. चालणं त्याने सोडलेलं नाही. हल्ली रविवारी मावशीही थोड्या अंतरापर्यंत त्याच्याबरोबर जाते, आणि दोघं परतताना खाडीवरून ताजी कोळंबी घेऊन येतात.