क्लारएल्व्हेनचा उगम
जुन्या वस्तूंच्या चॅरिटी शॉपमध्ये एका अ‍ॅटलासचा दमट वास आला आणि इंग्लंडमधल्या मेडनहेडच्या, नातीच्या शाळेतली ती दुपार आठवली. क्लारएल्व्हेन नदी नॉर्वेत उगम पावते, असे मी नातीला ठामपणे सांगितले होते. शिक्षिकेने तिचे ते उत्तर चूक ठरवताच, “आजोबा, लेटर नको ना!” ही विनवणी धुडकावून मी तीन पानी निषेधपत्र धाडले आणि तिला घेऊन जाब विचारायला गेलो. शिक्षिकेने नकाशावर शांतपणे बोट फिरवले. नदी स्वीडनमध्ये उगम पावून नॉर्वेत शिरत होती आणि पुन्हा स्वीडनमध्ये परतत होती. “तुला हे कुणी सांगितलं?” शिक्षिकेने नातीला विचारले. “कुणी नाही, मिस. मीच गेस केलं,” नात म्हणाली. मी तिला माझ्यासाठी खोटे बोलू दिले. इतकी पत्रे लिहिली. तिची माफी मागणारे तेवढे अजून राहिले आहे.