इंटरनंतरचे विषय

माझा परशूकाका गुंदहून धारवाडच्या कॉलेजात गेला, तेव्हा सुपा भागात कॉलेज पाहिलेली माणसं जवळजवळ नव्हतीच. १९२० नंतरची ती वर्षं. आमच्या घरी भाताची शेती आणि उरलेले दिवस रानातलं काम. काका मात्र खानापुरात नातलगांकडं राहून मॅट्रिक झाला, मग धारवाडला कॉलेजची पहिली दोन वर्षं करून इंटर झाला, आणि गणितात त्याच्या पुढं कुणीच नव्हतं. तिथल्या गणिताच्या प्रोफेसरांनी त्याला बोलावून सांगितलं, "बी.ए.ला ऑनर्स घे. नुसतं शुद्ध गणित. पुढं मुंबईला एम.ए." काकानं तिथल्या तिथं होकार दिला. त्याला दुसरं काही नकोच होतं.

त्याच उन्हाळ्यात सागाचा ओंडका गाडीवर चढवताना दोर सुटला आणि माझ्या वडलांचा पाय खाली सापडला. वडील म्हणजे लखू, काकाचा थोरला भाऊ. मी तेव्हा आईच्या पोटात होते. पुढचं सगळं मला आईनं, रुक्मानं, सांगितलेलं आहे.

काका सुट्टीला घरी पोचला तर वडील पडवीत पडलेले, पायाला फळ्या बांधलेल्या. शेजारी कान्हूमामा बसलेले. हे आजीचे भाऊ. रामनगरकडं लाकडाच्या गाड्या हाकायचे, जंगल खात्यातल्या लोकांशी त्यांची ओळख होती. काकानं पाय धुतले नाहीत तोवर ते बोलले.

"परश्या, रेंजरसायबाला शब्द दिलाय मी. हापिसात कारकुनाची जागा हाय. उद्या त्यांचा मुक्काम कुंभारवाड्यात. चल माझ्यासंगं."

"मला इचारलं न्हाई, मामा?"

"इचारायचं काय त्यात? भाऊ आडवा पडलाय. ह्या घरात कमावणार कोण? तुझं गणित?"

काका वडलांकडं वळला. "आण्णा, तू तरी बोल."

वडलांनी तोंड भिंतीकडं केलं. आई सांगायची, तेवढं त्यांनी करायला नको होतं. काकाचा चेहरा एकदम उतरला. तो म्हणाला, "येतो उद्या." आणि परसात जाऊन उभा राहिला.

आई पाण्याची घागर घेऊन त्याच्यामागं गेली. ती अक्षरशत्रू, पण गोष्ट नीट समजून घेतल्याशिवाय सोडायची नाही.

"भावजी, तुमी जे शिकणार हाय, ते मधीच सोडलं तर हातात काय ऱ्हातंय?"

"ऑनर्स? काईच न्हाई, वैनी. पुरं केलं तर हाय, न्हाईतर न्हाई."

"आन् सगळंच शिकणं तसं असतंय?"

हा प्रश्न काकानं स्वतःला कधी विचारलाच नव्हता. मग तो थांबत थांबत बोलू लागला, तिला सांगत होता की स्वतःला, कोण जाणे. गणित धरायचं, पण एकटं नाही. जोडीला यंत्रशास्त्र, पदार्थविज्ञान. त्यातलं पहिलं वर्ष झालं तरी मोजणी खातं घेईल, त्यांना आकडेमोड करणारी पोरं लागतात. बी.ए. झालं तर हायस्कुलात मास्तर होता येईल. ऑनर्सचे जादा पेपर द्यायचे की नाही, ते शेवटच्या वर्षी ठरवता येतं. आणि ते दिले, तर एम.ए.ची वाट उघडीच.

"म्हंजे कुठंबी थांबलं तरी खाली हात न्हाई यायचं," आई म्हणाली.

"न्हाई. पर गणित जरा कमी होणार, वैनी. जे खरं शिकायचं हाय त्यातलंच कमी होणार."

"त्ये मला कळत न्हाई," आई म्हणाली. "पेरणीचं मी आन् सासूबाई बघतो. सायबाला न्हाई म्हणायची हिंमत हाय का, तेवढं बघा."

दुसऱ्या दिवशी काका आणि मामा कुंभारवाड्याला गेले. रेंजरसाहेब तंबूपुढं खुर्ची टाकून बसले होते. मामांनी हात जोडले आणि काकाला पुढं ढकललं. साहेबांनी वरखाली बघून विचारलं, "कधीपासून येतोस?"

"मी नोकरीला येत नाही, साहेब." काका म्हणाला. "पण उन्हाळ्याच्या सुट्टीत जंगलाची मोजणी असते. त्या टोळीत मला घ्या. कोन मोजायचे, आकडे लावायचे, सगळं करीन."

साहेब मामांकडं वळले. "कान्हू, तू तर म्हणालास पोरगा तयार आहे. मी तुझ्यासाठी दुसऱ्याला परत पाठवलं."

मामांची मान खाली गेली. आजूबाजूला गार्ड उभे होते, गाडीवान होते, सगळे मामांच्या ओळखीचे. साहेबांनी काकाला हाताच्या इशाऱ्यानं जायला सांगितलं. मोजणीबद्दल ना हो, ना नाही. गुंदच्या शिवेवर आल्यावर मामा थांबले. "आजपास्नं तुज्या घरात मी पाणी पिणार न्हाई," म्हणाले आणि तसेच माघारी वळले.

काका धारवाडला परतला तो ही नामुष्की मनात घेऊनच. तिथं प्रोफेसर भडकले. "यंत्रशास्त्र? पदार्थविज्ञान? मला अर्धा विद्यार्थी नको आहे, परशुराम."

"सर, नाव साध्या पास बी.ए.ला राहू द्या. पण ऑनर्सच्या वर्गात मला बसू द्या. कुठल्याही चाचणीत मागं पडलो तर बाहेर काढा."

प्रोफेसर म्हणाले, "मागं बस. आणि मला दिसू नकोस." वर्षभर काका मागच्या बाकावर बसला. दोन्हीकडचा अभ्यास करता करता तो वाळून गेला. त्याला बाहेर काढायची वेळ मात्र आली नाही.

आणि शेवटचं वर्ष सुरू होता होता वडलांचा पाय चिघळला. बेळगावला नेऊन गुडघ्याखाली कापावा लागला. घरात मी रांगणारी, आजी थकलेली. काकानं कॉलेज सोडलं. पण या वेळी तो रिकाम्या हातानं उभा नव्हता. यंत्रशास्त्र आणि त्रिकोणमितीच्या जोरावर मोजणी खात्यानं त्याला सरळ आकडेमोडीच्या कामावर घेतलं. दांडेलीपासून नंदिगद्द्यापर्यंतच्या डोंगरात तो टोळीबरोबर फिरला आणि आमचं घर उभं राहिलं. वडील कुबडीवर शेताच्या बांधापर्यंत जाऊ लागले, तेव्हाच तो धारवाडला परत गेला.

प्रोफेसर तोवर निवृत्त होऊन गावी गेले होते. नव्या माणसानं ऑनर्सबद्दल विचारलं तेव्हा काकानं घेतो म्हणून सांगितलं. डोंगरात फिरताना बरंच विसरलं होतं. दुसरा वर्ग मिळाला. बेळगावच्या एका हायस्कुलात मास्तरकी करत त्यानं एम.ए.चे पेपर दिले. एकदा नापास झाला, पुन्हा बसला. एम.ए. झाला तेव्हा त्याच्या बरोबरीची मुलं विलायतेला जाऊन परत आली होती.

शुद्ध गणितात स्वतःचं काही नवं शोधावं, ही त्याची हौस तशीच राहिली. मी एकदा विचारलं, "काका, तेव्हा सगळं ऑनर्सच घेतलं असतं तर?"

"तर आण्णाच्या पायापाशी बसून राहिलो असतो, कमल. आन् घर बसलं असतं." मग म्हणाला, "पर मागच्या बाकावर नीट ऐकू येत न्हवतं, हे खरं."

कान्हूमामा आमच्याकडं पुन्हा कधी आले नाहीत. त्यांच्या शेवटच्या आजारात काका रामनगरला गेला, उशाशी बसला, पण मामांनी डोळे मिटलेलेच ठेवले. पुढं काका कॉलेजात शिकवू लागला. विषय निवडायच्या दिवसांत पोरं त्याच्या दारात रांग लावायची. आत घेतल्यावर तो आधी गुण विचारायचा नाही. विचारायचा, "घरी कोण कोण हाय?"