वाट चुकलेल्यांचा बाक

ओहोटी लागली की खाडीकडून चिखलाचा आणि तिवरांच्या कुजलेल्या पानांचा एक जड वास यायचा, त्यात आमच्या नव्या इमारतींच्या ओल्या चुन्याचा वास मिसळायचा, आणि वैशाखातल्या दुपारी तो मिश्र गंध इतका दाट होई की श्वास घेणे हेही एक काम वाटावे. बोरिवलीच्या पश्चिमेला, जिथे रस्ता संपून खारफुटी सुरू होई, तिथे ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर ती वसाहत उभी राहिली. सगळ्या इमारती चार मजली, सगळ्या पिवळ्या, सगळ्यांचे जिने डाव्या हाताला. आखणाऱ्याने एकच इमारत काढली असावी आणि मग कंटाळून तीच पुन्हा पुन्हा गिरवली असावी. झाडे अजून गुडघ्याएवढी होती. दुपारी बाहेर पडलेल्या माणसाला सावली अशी फक्त जिन्यातच मिळे.

या पिवळ्या रांगांत कुठून कुठून माणसे येऊन पडली होती. गिरण्या बंद पडल्यावर लालबाग-परळच्या खोल्या विकून आलेली कोकणातली कुटुंबे होती, अकोला-वाशीमकडची बौद्ध कुटुंबे होती, सौराष्ट्रातले दुकानदार, तिरुनेलवेलीचे कारकून, जौनपूरचे टॅक्सीवाले होते. आधी कर्ते येत, भिंतीला खिळे ठोकत, पंखा बसवत, आणि संसार जरा स्थिरावला की गावाकडून म्हातारे आईबाप आणले जात. ती बापडी माणसे चार दिवस खिडकीशी बसून कंटाळत, पाचव्या दिवशी वारा खायला म्हणून खाली उतरत, आणि परत फिरताना त्यांच्या ध्यानात येई की आपण ज्या घरातून निघालो तशी घरे इथे चहूकडे आहेत.

आमच्या महिला मंडळाने वसाहतीसाठी पुष्कळ मनसुबे रचले होते. साक्षरतेचा वर्ग, शिवणाचा वर्ग, डोळ्यांची तपासणी. पण लोकांना खरी गरज पडली ती आमच्या कुठल्याच मनसुब्यात नसलेल्या गोष्टीची, हरवलेल्या म्हाताऱ्यांना घरी पोचवण्याची. दूधकेंद्राशेजारच्या आमच्या खोलीबाहेर सिमेंटचा एक बाक होता. कुणीही वाट चुकलेले आजी-आजोबा दिसले की लोक त्यांना आणून त्या बाकावर बसवीत आणि आपल्या कामाला जात. सकाळच्या शाळेतले तास आटोपून, घरी दोन घास पोटात ढकलून मी दुपारी तिथे येत असे, आणि बाकावर बसलेल्याचा हात धरून पुन्हा उन्हात निघत असे.

घराचा पत्ता कुणालाच सांगता येत नसे, आणि आलाच तर माझ्या भाषेत येत नसे. तिरुनेलवेलीच्या एक तमिळ आजी हातांनी लाटण्याची खूण करून दाखवीत, म्हणजे ज्या घराखाली पापडाचा उद्योग चालतो ते. जौनपूरचे बाबा ज्या जिन्यात भजनाची पेटी ऐकू येई तो जिना शोधत, पण पेटीवाला दुपारी कामावर असे. सौराष्ट्रातल्या एका गुजराती आजींनी, सगळे त्यांना बा म्हणत, तर गॅलरीत वाळत घातलेली निळी साडी हीच आपल्या घराची खूण धरली होती. साडी वाळली, सुनेने आत घेतली, की बांचे घर नाहीसे होई. मला हसू येई आणि हसताना लाजही वाटे, कारण स्वतःच्या इमारतीत शिरताना मीसुद्धा कोपऱ्यावरच्या पानवाल्याकडे एक नजर टाकून खात्री करून घेत असे.

लोकांनी आमचे पुष्कळ कौतुक केले. ते ऐकून घ्यायला उभे राहण्याचेही त्राण माझ्यात नसे. समाजसेवेचे चित्र काढायचे झाले तर हसरा चेहरा काढतात. खरे तर सुजलेले पाय काढायला हवेत. रात्री मीठ घातलेल्या कोमट पाण्यात पाय सोडून बसले की मनात येई, आपण कुणाला घरी पोचवतो म्हणजे नेमके काय करतो? दार उघडते, आतून कुणीतरी 'अगंबाई, पुन्हा?' म्हणते, म्हातारे माणूस चोरासारखे आत जाते, आणि दार लागते. त्या दारापलीकडचे आम्हाला काहीच ठाऊक नसे. दुसऱ्या दिवशी तेच माणूस पुन्हा बाकावर असे.

आबा सावंत त्या बाकावर आले ते चैत्र सरता सरता. कणकवलीकडचे. पत्नी वारली, गावच्या घरात एकटे उरले, म्हणून मुलाने त्यांना इकडे आणलेले. स्वच्छ लेंगा, इस्त्री केल्यासारखी टोपी, ताठ कणा; हरवलेल्या माणसाची कावरीबावरी नजर त्यांच्याकडे नव्हतीच. जेवणवेळ टळली की ते येत, बाकाच्या टोकाला बसत, आणि मी विचारले की क्षणभर विचार करून एखादा नंबर सांगत. आम्ही त्या इमारतीकडे जात असू, चारही मजले चढून पाट्या वाचत असू, आणि सावंत ही पाटी तिथे नसे. मग दुसरा नंबर, मग तिसरा. संध्याकाळच्या दुधासाठी केंद्राची खिडकी उघडली की आबांची स्मृतीही उघडे, आणि ते मला सरळ आपल्या दाराशी घेऊन जात. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून.

मला संशय यायला हवा होता, तो फार उशिरा आला. तरुणपणी आबांनी गिरणीत रातपाळी केली होती, आणि चालता चालता ते मला जुन्या लालबागेतल्या गल्ल्या सांगत. कुठल्या बोळातून गेले की खानावळीच्या मागच्या दाराशी निघता येते, कुठल्या चाळीच्या जिन्याची कितवी पायरी फुटकी होती. इतक्या वर्षांनी ज्याला ती पायरी आठवते, त्याला स्वतःच्या मुलाच्या घराचा नंबर आठवू नये? एका दुपारी, उन्हाने डोळ्यांपुढे अंधारी येत असताना, एका परक्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर मी पायरीवरच बसले आणि म्हटले, "आबा, आज अजून किती घरं दाखवणार आहात मला?"

तेवढ्यात त्यांना खोकल्याची उबळ आली. छातीच्या तळातून येणारा, जिन्याच्या भिंतींवर आपटत वरपर्यंत जाणारा खोकला. वरचे एक दार उघडले, कुणीतरी डोकावून गेले. उबळ ओसरल्यावर ते माझ्याखालच्या पायरीवर बसले आणि माझ्याकडे न बघता बोलू लागले. मुलगा, वसंत, अंधेरीला औषधांच्या कारखान्यात रातपाळीला होता. सकाळी यायचा, जेवून झोपायचा. घर म्हणजे एक खोली. जेवून आडवे झाले की आबांना खोकला आवरत नसे. सुरुवातीला वसंत दचकून उठे, काही न बोलता कूस बदले, आणि रात्री कामावर निघताना त्याचे डोळे लाल असत. त्याने कधी तक्रार केली नाही, सुनेनेही नाही. म्हणून तर आबांना ते अधिक सोसवेना. ते आपणहून बाहेर राहू लागले. इमारतीखाली बसावे तर शेजारी हाताला धरून वर पोचवीत. आणि आम्हा मंडळाच्या बायांना खरा नंबर सांगावा, तर आम्ही भर दुपारी नेऊन दार ठोठावणार.

"रातपाळी माका ठाऊक आसा, बाई," ते म्हणाले. "झोप मोडली की माणूस मोडता."

वसंतला यातले काही सांगायचे नाही, असे त्यांनी माझ्याकडून कबूल करून घेतले. कळले तर तो बापाला बाहेर जाऊ देणार नाही आणि मग त्याला झोप कशी ती मिळणार नाही. मी कबूल केले. त्या दिवसापासून आमच्या फिरण्याला एक वेगळीच रीत आली. कुठल्या जिन्यात ऊन उशिरा येते, कुठे वारा लागतो, हे बघून आम्ही 'हरवण्याची' जागा ठरवू लागलो. पायऱ्यांवर बसून आबा गावच्या घराविषयी बोलत. तिथे संध्याकाळी दिवा लावला की तो दिवाच काय तो सोबतीला. चार दिवस कुणाशी शब्द झाला नाही की स्वतःचा आवाजही परका वाटायला लागतो. इथे निदान कामावर जाणाऱ्या मुलाची पाठ तरी रोज दिसते, असे ते म्हणत. थकलेल्या माणसाजवळ थकलेल्या माणसाने नुसते बसावे, तेवढे मी केले.

पण आमच्या मंडळात सगळ्याच काही माझ्यासारख्या जिन्यात बसणाऱ्या नव्हत्या. चिटणीस गायकवाडबाई मूळच्या अकोल्याच्या, कामाला वाघ. बाकावर रोज तेच आजोबा दिसतात हे त्यांच्या ध्यानात आले, आणि त्यांनी आपले कर्तव्य केले. एका सकाळी कामावरून परतणाऱ्या वसंतला गाठून त्यांनी त्याला हळुवारपणे सांगितले, की तुमच्या वडिलांना घर आठवेनासे झाले आहे, डोक्याच्या डॉक्टरला दाखवा, एखाद्या दिवशी खाडीच्या बाजूला गेले तर अनर्थ होईल. त्यांचे काहीच चुकले नव्हते. त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच सांगितले असते.

वसंतची बायको शालन दोन दिवसांनी बाकापाशी आली. रविवारच्या एस.टी.ने आबांना गावी पाठवायचे ठरले होते. शेजारच्या घरातला पुतण्या दोन वेळचे ताट देईल. पायाखालची वाट आहे, तिथे तरी चुकणार नाहीत. सांगताना ती पदराने सारखा घाम पुसत होती, आणि तो सगळाच घाम नव्हता. आबा काय म्हणाले, मी विचारले. काहीच म्हणाले नाहीत, ती म्हणाली. 'बरां' म्हणाले आणि पिशवी खाली काढून ठेवली. एक वाक्य बोलले असते तर ते राहिले असते, आणि ते वाक्य ते बोलणार नव्हते. मुलाची झोप त्यांनी स्वतःच्या घरापेक्षा मोठी धरली होती. मला त्यांचा रागच आला. मग माझा स्वतःचाही आला, कारण ते वाक्य मला ठाऊक होते आणि मीही शब्दाला बांधल्यासारखी गप्प बसले होते.

शनिवारी दुपारी ते नेहमीसारखे आले. नंबर सांगितला. मी त्यांचा हात धरला आणि दुसऱ्याच दिशेला चालू लागले. कुठे निघालो हे कळताच त्यांनी हात सोडवून घ्यायचा प्रयत्न केला, नवा नंबर सांगितला, मग आणखी एक; मी ऐकले नाही. शब्द मोडण्याचे धैर्य माझ्यात आले होते असे म्हणणे खोटे ठरेल. माझे पाय थकले होते, आणि थकलेले पाय जवळच्या वाटेने जातात, एवढेच मला आज सांगता येईल.

दार ठोठावावेच लागले नाही. ते उघडे होते, आणि उंबऱ्यापाशी वसंत अंगात शर्ट घालून बसला होता. डोळे लाल, पण झोपेतून उठलेल्याचे नव्हेत. आत शालन भांडे वाजू नये अशा बेताने तांदूळ निवडत होती. मी उभ्या उभ्याच सांगून टाकले, की हे वाट चुकत नाहीत, यांना नंबर चांगला ठाऊक आहे, आणि खोकल्याने तुमची झोप मोडू नये म्हणून हे रोज दुपार बाहेर काढतात. आबांनी मान फिरवली. आता तो ओशाळेल, रडेल, असे काहीतरी मला वाटत होते.

"झोप कुठली येतेय बाई," वसंत म्हणाला. "बाबा बाहेर गेले की मी जिन्यात त्यांचं पाऊल वाजतंय का, तेच ऐकत पडतो. हिला काळजी नको म्हणून डोळे मिटून घेतो."

शालनचे हात सुपात थांबले. आबा हळूहळू वळले आणि मुलाकडे, मी प्रथमच पाहत होते अशा नजरेने, थेट बघत म्हणाले, "जागो होतस, तर हाक कित्याक मारूक नाय रे माका?"

वसंत सरकला आणि उंबऱ्यात वडिलांना आत जायला वाट करून दिली. मी जिना उतरले. खाली ऊन तसेच होते, खाडीचा वास तसाच होता. किती दुपारी मी या माणसाला दारोदार फिरवले, आणि तितक्याच दुपारी या दाराआड दुसरा माणूस कान टवकारून पडलेला होता. माणसे पोचवण्याचे काम मी करत होते खरी, पण घरापासून सर्वांत लांबचे अंतर त्या एका खोलीतच होते आणि तिथे माझा हात पोचत नव्हता.

पुढच्या आठवड्यात शालन दूधकेंद्रावर भेटली. आबांना पाठवायचे तूर्त राहिले होते. गणपतीला सगळेच जाऊ, मग बघू, असे वसंत म्हणाला होता. एका खोलीच्या संसारात 'मग बघू' हेही पुष्कळ असते. दुपारी आता दोघे घरातच असतात का, वसंतला झोप मिळते का, मी विचारले. रांग पुढे सरकली, तिने रिकाम्या बाटल्या पुढे केल्या.

"झोप कुणालाच धड लागत नाही," ती म्हणाली. "पण बाबा आता खोकला आला की खोकतात."